उस्मानियाहून नागपुरास

पेडगाव हे मनमाड-परभणी लोहमार्गावरचे लहानसे स्थानक. विसावे शतक उजाडता उजाडता निजामाच्या गोदावरी खोरे रेल्वेचा मीटर गेजचा रूळ या भागातून गेला, आणि शिकू पाहणाऱ्या मुलाच्या वाटाही त्या रुळानेच ठरविल्या. ज्याच्या घरी पुण्यास पाठविण्याइतका पैसा नव्हता त्याने पश्चिमेस औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात जावे आणि पुढे उलट दिशेने हैदराबाद गाठून उस्मानिया विद्यापीठाची पदवी घ्यावी. ही वाट एकदा तुटली आणि आमची पोरे भलत्याच विद्यापीठाच्या दारात उभी राहिली, त्याची ही हकीकत.

1918 साली स्थापन झालेल्या उस्मानियात सारे शिक्षण उर्दूतून चाले. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खातेच काढले होते. गणित, रसायन, कायदा यांचे ग्रंथ तेथे उर्दूत उतरत. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयत्न मोठा होता, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. पण ज्याच्या घरी मराठी, तेलुगू किंवा कानडी बोलत त्याला ही देशी भाषाही शिकूनच घ्यावी लागे. त्रिकोणाला तो ‘मुसल्लस’ म्हणे, कोनाला ‘जाविया’.

1938 हे साल संस्थानात धामधुमीचे होते. आदल्याच वर्षी परतूर येथे, म्हणजे त्या वेळच्या आपल्याच जिल्ह्यात, महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले होते. 1938 च्या सप्टेंबरात स्टेट काँग्रेसवर जन्मापूर्वीच बंदी आली आणि ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. नोव्हेंबरात औरंगाबादच्या व हैदराबादच्या वसतिगृहांतील मुले प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली. अधिकाऱ्यांनी मनाई केली, मुले ऐकेनात. शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून उतरली.

नाव उतरले म्हणजे काय, याचा विचार करा. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जावयाचे तर पहिल्याचा दाखला लागतो, आणि त्यात वर्तणुकीविषयी बरा शब्द असावा लागतो. ज्याने हाकलले तो असा शब्द कशाला देईल? शेत गहाण टाकून मुलाला शिकविणाऱ्या बापाच्या डोळ्यांपुढे त्या वेळी देशभक्तीपेक्षा वाया जाणारे वर्षच उभे राहिले असेल, आणि त्यात त्याला दोष देण्याचे कारण नाही.

अशा वेळी नागपूर विद्यापीठाने दार उघडले. 1923 साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचे कुलगुरू तेव्हा टी. जे. केदार होते. निजामाच्या रोषाची पर्वा न करता त्यांनी या मुलांना प्रवेश दिला. नियमावर बोट ठेवून ‘कागद अपुरे आहेत’ एवढे म्हणणे त्यांना किती सोपे होते! तसे म्हटले असते तर कोणी नावेही ठेवली नसती.

दार उघडले, पण आतली पायरी चढावयाची ती मुलांनीच. नागपुरात वर्ग इंग्रजीतून चालत. उस्मानियात इंग्रजी हा सक्तीचा विषय होता खरा. परंतु विषय म्हणून इंग्रजी वाचणे वेगळे आणि त्याच भाषेत रसायनाची उत्तरपत्रिका लिहिणे वेगळे. कालचा ‘मुसल्लस’ आज ‘ट्रँगल’ झाला, आणि घरचा त्रिकोण दोन्हीकडे परकाच राहिला! बरोबरीची मुले मॅट्रिकपासून इंग्रजीत मुरलेली. ह्यांना एकाच सत्रात सारी परिभाषा नव्याने घोकावयाची. वर नवे गाव, आणि संस्थानात परतलो तर पोलीस दारात येतील ही धास्ती.

तरीही कित्येक जण पदवीधर झाले आणि पुढे हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात पडले. बाहेर पडलेल्यांत तेलंगणातला सतरा वर्षांचा एक मुलगा होता. पुढे त्याने नागपुरातून कायद्याची पदवी घेतली, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली आणि 1991 साली तो देशाचा पंतप्रधान झाला. ते पी. व्ही. नरसिंह राव.

आमच्या भागाला मात्र स्वतःच्या विद्यापीठासाठी आणखी वीस वर्षे थांबावे लागले. 23 ऑगस्ट 1958 रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पेडगावहून पश्चिमेकडे जाणारी गाडी तीच होती. पदवीसाठी हैदराबादची उलट वाट धरण्याचे कारण आता उरले नव्हते.