टीका : एक शब्द, दोन वाटा

मराठीत ‘टीका’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. मूळ ग्रंथाचा आशय उलगडून सांगणारे विवरण, हा जुना. दोषदर्शन, हा आज रूढ झालेला. समीक्षा ही स्वतःच कला होऊ शकते का, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा ऑस्कर वाइल्डपासून सुरू होते. मला मात्र ती या शब्दापासून सुरू करावीशी वाटते.

मराठीतील सर्वांत थोर काव्यग्रंथांपैकी एक ही मुळात टीका आहे. शके १२१२मध्ये, म्हणजे इ. स. १२९०मध्ये, नेवाशाला सिद्ध झालेली ‘ज्ञानेश्वरी’ गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या रचते. आपण भाष्यकारांना वाट पुसत चाललो, असे ज्ञानदेव अखेरीस नम्रपणे सांगतात. पण सहाव्या अध्यायातले कुंडलिनीचे विस्तृत वर्णन गीतेत नाही. तेराव्या अध्यायात गीता ‘अहिंसा’ हा केवळ एक शब्द उच्चारते. ज्ञानदेव त्या शब्दापाशी थांबतात आणि केसर दुखावेल म्हणून कमळावर जपून पाय ठेवणारा भुंगा दाखवतात. शब्दाचा अर्थ सांगता सांगता त्या अर्थाचे एक माणूसच आपल्यासमोर चालू लागते. तरीही श्लोक सुटलेला नसतो. उलट, ओव्या वाचून गीतेकडे परतावे तर तो एक शब्द पूर्वीपेक्षा मोठा झालेला असतो.

या टीकेला पुढे मूळ ग्रंथाचाच मान मिळाला. शके १५०६मध्ये एकनाथांनी तिचे पाठ तपासून शुद्ध प्रत तयार केली आणि तीत पदरच्या ओव्या घालू पाहणाऱ्यांना ताकीद दिली. ‘ज्ञानेश्वरी’चे दुसरे नाव ‘भावार्थदीपिका’. सतराव्या शतकात वामन पंडितांनी आपल्या गीताटीकेला ‘यथार्थदीपिका’ हे नाव दिले, त्यात हा संदर्भ स्पष्ट ऐकू येतो. टीकेने टीकेला दिलेले हे उत्तर होते.

दुसरी वाट एकोणिसाव्या शतकातली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४मध्ये सुरू झाली. परखड ग्रंथपरीक्षण मराठीत रुजवण्यात तिचा वाटा मोठा आहे. तिची भाषा आजही वाचकाला ओढून नेते. लांब, तोल सांभाळलेली वाक्ये, मध्येच येणारा उपरोध, आणि शेवटी नेमका बसणारा फटका. तिला कला म्हणायला माझी हरकत नाही.

विद्यार्थिदशेत जोतीराव फुल्यांवरचा शास्त्रीबुवांचा मजकूर मी मोठ्याने वाचला होता. फुल्यांच्या व्याकरणाच्या चुका वेचून त्यांनी केलेली थट्टा वाचून मी मनापासून हसलो. तेव्हा मी ‘गुलामगिरी’चे एक पानही वाचलेले नव्हते. ते पुस्तक १८७३चे, म्हणजे ‘माले’च्या आधीच्या वर्षाचे. बऱ्याच उशिरा ते हाती घेतले, तेव्हा माझ्या त्या हसण्याची मला लाज वाटली. ज्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांची बाजू मांडणाऱ्या भाषेला शुद्धलेखनाच्या मापाने मोजले गेले होते, आणि ते माप इतक्या देखण्या शैलीत लावले होते की माझ्यासारख्या वाचकाला मूळ पुस्तक उघडण्याची गरजच वाटली नाही. पुढे १८८५मध्ये ग्रंथकार सभेचे निमंत्रण फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. तुमच्या ग्रंथांत आमची दुःखे उतरत नाहीत, हा त्या पत्राचा रोख होता. एका अर्थी तेही ग्रंथपरीक्षणच होते; फक्त ते सगळ्या मराठी वाङ्‌मयाचे होते.

म्हणून समीक्षा कला होऊ शकते का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय’ असे आहे. सातशे वर्षांचा दाखला समोर असताना ते नाकारणे अवघड आहे. मात्र कला झाली म्हणून ती न्याय्य होतेच असे नाही. ज्ञानदेव आणि शास्त्रीबुवा दोघेही शैलीचे स्वामी. पण एकाची टीका वाचून मूळ ग्रंथ उघडावासा वाटतो, आणि दुसऱ्याच्या त्या मजकुराने माझ्यापुरता तो कितीतरी वर्षे मिटलेला राहिला. शास्त्रीबुवांचे गद्य मी अजूनही आनंदाने वाचतो. फक्त आता त्या खंडाशेजारी ‘गुलामगिरी’ ठेवलेली असते.