सर्व्हरवर ड्रायव्हर इन्स्टॉल होत नाही? आधी एरर कोड पाहा

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि हार्डवेअर यांच्यातला दुभाषा. घरच्या कॉम्प्युटरवर तो बिघडला तर फार तर प्रिंटर चालत नाही. बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या सर्व्हरवर स्टोरेजचा ड्रायव्हर चुकला, तर सर्व्हर पुन्हा सुरूच न होण्याची भीती असते.

कोड काय सांगतो?

विंडोज सर्व्हरमध्ये पहिला धागा डिव्हाइस मॅनेजरमध्ये सापडतो. कोड 28 म्हणजे ड्रायव्हर इन्स्टॉलच झालेला नाही. कोड 10 म्हणजे डिव्हाइस सुरू होऊ शकलं नाही. कोड 52 म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पडताळता आली नाही. सविस्तर नोंद विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमधल्या 'सेटअपएपीआय डॉट डेव्ह डॉट लॉग' या फाइलमध्ये असते.

सहीची तपासणी बंद करावी का?

कोड 52 आला की तपासणीच बंद करण्याचा मोह होतो. पण ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात चालतो. तिथे घातक फाइल शिरली तर अख्खा सर्व्हर तिच्या ताब्यात जाऊ शकतो. 2010 मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेटने आपल्या ड्रायव्हरवर सही करण्यासाठी चक्क दोन कंपन्यांची चोरलेली प्रमाणपत्रं वापरली होती.

मग करायचं काय?

सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून नेमक्या मॉडेलचा आणि त्याच विंडोज आवृत्तीचा ड्रायव्हर घ्यावा. डेस्कटॉपसाठीचा ड्रायव्हर सर्व्हरवर चालेलच असं नाही. आधी बॅकअप, मग चाचणीच्या सर्व्हरवर प्रयोग आणि शेवटी मुख्य सर्व्हर, हाच क्रम ठेवावा.