हात कुणी तपासायचे?

१८३८ च्या पावसाळ्यात मुंबईचा गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट दापोडीला वारला. दापोडी म्हणजे आपलीच, पुण्याजवळची, मेट्रो स्टेशनवाली. तेव्हा तिथं गव्हर्नराचा बंगला होता. ग्रँटच्या स्मरणार्थ १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि शेजारी जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं. पहिले प्रिन्सिपल चार्ल्स मोरहेड यांचा भर खाटेजवळच्या शिकवण्यावर होता. रोग्याची हकिगत टिपायची, त्याला रोज तपासायचं, औषधाचा गुण येतो की नाही ते पाहायचं. १८५१ मध्ये पहिले आठ पदवीधर बाहेर पडले, त्यांत भाऊ दाजी लाड होते. पोरगा डॉक्टर झाला का, हे ठरवायची आपल्याकडची रीत इथून सुरू होते.

पुढं बरीच वर्षं मुंबई विद्यापीठाची पदवी विलायतेत चालत होती. मग लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलला शंका आली, तीही बाळंतपणावरून. हिंदुस्थानातल्या विद्यार्थ्यानं स्वतःच्या हातानं पुरेशी बाळंतपणं केलेली नसतात, असा आक्षेप होता. १९२२ मध्ये सर नॉर्मन वॉकर आणि कर्नल नीडहॅम पाहणीला आले. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. त्या काळी बायका बाळंत व्हायच्या घरी, सुईणीच्या हाती. हॉस्पिटलच्या प्रसूती वॉर्डात केस येणार कुठून? पण त्यामागे साहेबी ताठाही होताच, आणि वर्तमानपत्रांनी तो नेमका हेरला. १९३० मध्ये कौन्सिलनं इथल्या पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्या अपमानाच्या धगीत १९३३ चा कायदा झाला आणि मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया जन्माला आली. आमच्या डॉक्टरांची परीक्षा आम्ही घेऊ, असा तिचा मूळ बाणा. तिच्याच जागी २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला.

पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलमधून १८७८ पासून पदवीवाले नव्हे, परवानावाले डॉक्टर निघत. खेडोपाडी दवाखाने थाटले ते बहुतेक त्यांनीच. १९४६ मध्ये त्या स्कूलचं कॉलेज झालं आणि त्याच वर्षी भोर समितीनं डॉक्टर एकाच दर्जाचा हवा, म्हणजे पदवीधरच हवा, असं सांगितलं. परवानावाले हळूहळू संपले. पदवीनंतरची सक्तीची इंटर्नशिप रुळली. एमबीबीएसच्या प्रॅक्टिकलला लाँग केस, शॉर्ट केस आणि व्हायवा हे तिन्ही राहिले. बाहेरून आलेला परीक्षक पोटावर हात ठेवायला लावतो, विचारतो, ‘प्लीहा लागते का?’ रोग्यानं खोल श्वास घेतला की तिची कड बोटाला येऊन भिडते, किंवा भिडत नाही. लेबर रूममध्येही तसंच. गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय हे बोटांनीच मोजायचं असतं.

मग परदेशी पदव्यांची लाट आली. रशिया, चीन, युक्रेन, जॉर्जिया, फिलिपिन्स. कारण उघड आहे, सरकारी कॉलेजात नंबर लागत नाही आणि खासगीची फी झेपत नाही. परत आलेल्यांसाठी २००२ पासून एफएमजीई ही चाळणी परीक्षा आहे. प्रश्न तीनशे, सगळे बहुपर्यायी, पास व्हायला दीडशे बरोबर हवेत. १९३० ला ज्या मुद्द्यावरून आपली पदवी नाकारली गेली, त्या मुद्द्याचा या परीक्षेत मागमूस नाही. उमेदवारानं कधी नाळ कापली का, हे कॉम्प्युटर विचारत नाही. आयटीआयच्या फिटरलासुद्धा जॉब घासून व्हर्नियरखाली ठेवावा लागतो.

तरी इतकी वर्षं हे खपून गेलं, कारण तो विद्यार्थी निदान तिकडच्या वॉर्डात उभा राहिलेला असे. २०२० मध्ये तेही गेलं. जानेवारीच्या सुट्टीत घरी आलेली, चीनमध्ये शिकणारी पोरं कोविडमुळे इथंच अडकली. हिंजवडीशेजारच्या मारुंजीसारख्या गावात तेव्हा तिथल्या आयटी कंपन्यांचं काम घरातून चाललेलं. शेताच्या बांधाला लागून उठलेल्या सोसायट्यांत प्रत्येक खोलीत एक हेडफोन. आयटीवाल्याचं निभावलं, कोड घरून लिहिता येतो. पण बीजिंगचे आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. त्या वेळी लॅपटॉप उघडून बसलेल्या पोरानं स्क्रीनवर शीर कशी धरायची ते शंभरदा पाहिलं, तरी सुई आत गेल्यावरची ती बारीकशी ढिलाई त्याच्या बोटांना ठाऊक होणार कशी? फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धाच्या तोंडातून सुटलेले युक्रेनचे विद्यार्थीही आले. त्यांचं पहिलं विमान बुखारेस्टहून थेट मुंबईलाच उतरलं.

प्रश्न कोर्टात गेला. मद्रास हायकोर्टानं एका चीन-शिक्षित पदवीधराला दोन महिन्यांच्या जादा प्रशिक्षणावर तात्पुरती नोंदणी द्यायला सांगितलं होतं. २९ एप्रिल २०२२ ला सुप्रीम कोर्टानं तो आदेश बाजूला सारला. प्रात्यक्षिकाशिवाय डॉक्टर होत नाही हे मान्य, पण किती प्रात्यक्षिक पुरे हे कोर्टानं नव्हे, आयोगानं ठरवावं, आणि दोन महिन्यांत काही योजना आणावी. जुलैत उत्तर आलं. शेवटच्या वर्षातून परतलेल्या आणि ३० जून २०२२ पर्यंत पदवीचं प्रमाणपत्र मिळालेल्यांना एफएमजीई देता येईल. पास झाले तर इंटर्नशिप एकाऐवजी दोन वर्षं.

हा हिशेब मला कधीच पटला नाही. त्यात वेळ मोजलाय, हात मोजलेला नाही. इंटर्नचे दिवस कसे जातात ते कुठल्याही इंटर्नला विचारा. रक्त काढा, सॅम्पल लॅबला पोचवा, एक्स-रे घेऊन या, डिस्चार्ज कार्डं लिहा. नाइटला सिनियर चांगला भेटला तर टाके घालायला मिळतात, नाहीतर टॉर्च धरायला. लॉगबुकावरच्या सह्या महिनाअखेरीस एकदम होतात. अशा पोस्टिंगचं दुसरं वर्ष म्हणजे पहिल्याचीच झेरॉक्स. त्यात परदेशी पदवीधरांसाठी कॉलेजातल्या जागांच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा, म्हणजे दार उघडायच्या आधी रांग.

साधनं नव्हती असं नाही. स्कॉटलंडमधल्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्येच ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा मांडली. टेबलं लावायची, एकावर छातीचे ठोके, दुसऱ्यावर वाईट बातमी सांगणं, तिसऱ्यावर पुतळ्याला ट्यूब. घंटा वाजली की पुढं. आपल्या कॉलेजांतही ती आता होते. २०१९ च्या आयोग कायद्यानं तर देशी आणि परदेशी दोघांनाही एकच ‘नेक्स्ट’ परीक्षा सांगितली आणि आराखड्यात तिचा दुसरा टप्पा प्रात्यक्षिकाचा ठेवला. २०२३ मध्ये ती पुढं ढकलली गेली. विरोध देशी विद्यार्थ्यांचाच मोठा होता.

परतलेल्यांचे हात तपासणं फक्त एकदा तेवढं झालं. मार्च २०२३ मध्ये, शिक्षण अर्धवट राहिलेल्या परतलेल्यांसाठी, सुप्रीम कोर्टासमोर तोडगा आला. इथल्या एमबीबीएसच्या शेवटच्या दोन्ही भागांची परीक्षा दोन संधींत पास करायची, लेखी केंद्रावर आणि प्रात्यक्षिक नेमलेल्या सरकारी मेडिकल कॉलेजात. त्यानंतर दोन वर्षं इंटर्नशिप, पहिलं वर्ष बिनपगारी. म्हणजे ज्यांच्या शिक्षणाचं पार खोबरं झालं होतं, त्या पोरांच्या वाट्याला निदान खाट, रोगी आणि समोर उभा परीक्षक आला. ही सवलत पुढं कुणी दाखला म्हणून वापरू नये, असंही केंद्र सरकारच्या बाजूनं तिथंच बजावून ठेवलं गेलं.