लोणारच्या गोष्टीसाठी नावं शोधताना

लोणारवरची ऑडिओ गोष्ट लिहायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडकलो. काळ यादवांचा, गाव सरोवराकाठचं, आणि पात्रांची नावं काय, तर आरव नि विहान! नेटवरच्या याद्या बारशाला ठीक, 13व्या शतकाला नाही.

तसे लेखक नावं कुठूनही उचलतात. इयान फ्लेमिंगकडे वेस्ट इंडीजमधल्या पक्ष्यांवरचं एक पुस्तक होतं. त्याच्या लेखकाचं नाव जेम्स बाँड. झालं, गुप्तहेराचं बारसं उरकलं.

मी आधी आपल्या सिंदखेड राजाकडे वळलो. लखुजी जाधव, मुलं अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव. 1629 मध्ये निजामशहाच्या दरबारात चौघेही एकाच दिवशी मारले गेले. नावं दमदार आहेत, पण साडेतीनशे वर्षं उशिराची आणि सगळी सरदारांची. माझ्या गोष्टीत तर धारेवर पाणी भरणाऱ्या बायका आहेत. त्यांना काय म्हणू?

उत्तर सापडलं लीळाचरित्रात. चक्रधर स्वामी लोणारला, मेहकरला येऊन गेले, त्या लीळा यात आहेतच. पण मला अडवलं ते नावांनी. महदाइसा, आबाइसा, उमाइसा, बाइसा, नाथोबा, दायंबा. 'इसा' हे बायकांच्या नावाला लागणारं आदराचं शेपूट. शिलालेखात राजा असतो, दान असतं. इथे मात्र प्रश्न विचारणारी, रुसणारी, स्वयंपाक करणारी बाई नावानिशी आहे. कारण म्हाइंभटांची पद्धत. स्वामी गेल्यावर त्यांनी ज्यांनी ज्यांनी पाहिलं-ऐकलं, त्यांना गाठून आठवणी गोळा केल्या. कोण होतं, कोण काय बोललं, हे महत्त्वाचं होतं. आमच्या कोडमध्ये कुठली ओळ कुणी लिहिली याची नोंद राहते ना, तसंच काहीसं.

पुढे महानुभावांनी आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरंच. म्हणजे चक्क सबस्टिट्यूशन सायफर! 20व्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी ती उलगडली, तोवर ही नावं पंथाबाहेर जवळपास कुणाला ठाऊक नव्हती. मी वाचली ती 1978 ची प्रत वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली. आणि कोलते कुठले? मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे! आपल्याच जिल्ह्यातला माणूस, आणि मी नावं शोधायला नेटवर फिरत होतो.

आता खरी अडचण. माझ्या गोष्टीत एक चोरटी बाई आहे, तिला आबाइसा हे नाव फिट्ट बसत होतं. पण आबाइसा म्हणजे नागदेवाचार्यांची आई. महानुभाव घरांत हे नाव आजही हात जोडून घेतात. सातशे वर्षं जुनं असलं म्हणून ते बेवारस होत नाही. मी ते खोडलं.

नायिकेला 'इसा' लावून एक नवंच नाव घडवलंय, ते पहिल्या भागात कळेल. चोरटी अजून बिननावाची आहे. स्क्रिप्टमध्ये तिच्या जागी सध्या 'एक्स' लिहिलंय.