शाळेची पट्टी कोण भरतं, कोण ठरवतं?



घरपट्टीचा कागद घरात आला की आपण दोनच गोष्टी विचारतो: पैसे किती आणि भरायचे कधीपर्यंत? हा पैसा कुठं जातो आणि तो कुठं जावा हे कोण ठरवतं, असं विचारणाऱ्या बाया अजून थोड्याच आहेत. म्हणून आज आम्ही शाळेसाठी लोकांकडून घेतल्या गेलेल्या पट्टीचा इतिहास सांगणार आहोत. ऐकताना तीन प्रश्न मनात ठेवा. पैसा कोणी भरला? त्याचा निर्णय कोणी घेतला? आणि शिकलं कोणाचं लेकरू?

सुरुवात आपल्याच भागापासून करू. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. तेव्हाच्या कारभारात वाशीम हा वेगळा जिल्हा होता आणि आपलं मंगरूळ त्यातला एक तालुका. 1905 मध्ये तो जिल्हा मोडला आणि आपण अकोल्यात गेलो. वाशीम जिल्हा पुन्हा झाला तो 1 जुलै 1998 ला. जिल्हे बदलले, पण वऱ्हाडातला शेतकरी सारा भरतच राहिला. इंग्रजी अमलात त्या साऱ्यासोबत रस्त्यासाठी आणि शाळेसाठी वेगळा उपकर घेतला जाई. तिकडे मुंबई इलाख्यात 1863 च्या सुमारास साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर सुरू झाला. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी होता.

म्हणजे सरकारनं खेड्यात शाळा काढली ती काही फुकट दिली नाही. तिच्यासाठी शेतकऱ्याच्या साऱ्यावर आणखी पट्टी बसली. आणि तो सारा निघे कशातून? पेरणी, निंदण, खुरपण, कापसाची वेचणी यातून. यातली किती कामं बायांच्या हातची, ते तुम्हाला सांगायला नको. पावतीवर मात्र नाव पुरुषाचं.

या पैशाचा हिशेब जोतीराव फुल्यांनी सरकारला विचारला. 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करायला हंटर कमिशन आलं होतं. जोतीरावांनी त्यापुढे लेखी निवेदन दिलं. सरकारच्या तिजोरीतला मोठा भाग रयतेच्या घामाचा आहे, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे जातो आणि खेड्यातलं लेकरू कोरडं राहतं, हा त्यांचा मुद्दा होता. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. मुलींच्या शिक्षणाबद्दलही ते त्यात बोलले. 1848 पासून सावित्रीबाईंच्या सोबतीनं पुण्यात मुलींना शिकवलेला माणूस होता तो. त्यांची मागणी तेव्हा मान्य झाली नाही.

पुढचा मोठा प्रयत्न गोपाळ कृष्ण गोखल्यांचा. मार्च 1911 मध्ये त्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. शिक्षण सक्तीचं करायचं की नाही, हे नगरपालिकेनं किंवा जिल्हा बोर्डानं ठरवायचं. त्यासाठी लागल्यास आपल्या भागात शिक्षणाचा कर बसवायचा. खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेचा आणि दोन हिस्से सरकारचे. गावानं हात पुढं करावा आणि सरकारनं दुप्पट द्यावं, असा तो हिशेब होता. मात्र सक्ती आधी 6 ते 10 वर्षांच्या मुलग्यांवर. मुलींचं पुढं पाहू! सुधारकाच्या विधेयकातही लेक दुसऱ्या पंगतीला बसली. मार्च 1912 मध्ये मतं पडली. बाजूनं 13, विरुद्ध 38. विधेयक पडलं.

पण विचार पडला नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये राज्यभर सक्तीचं शिक्षण आणलं होतं आणि त्यात मुलीही होत्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. लेकराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानं मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीचं शिक्षण आणण्याचा अधिकार मिळाला. 1920 मध्ये मध्य प्रांतातही असा कायदा झाला. इकडे 1928 मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या केल्या, आणि पुढं 1932 मध्ये शिवाजी शिक्षण संस्था उभी करून वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या पोरांना शिक्षणाची वाट दिली.

आता या सगळ्यात बाई कुठं होती? त्या काळी मत सगळ्यांना नव्हतं. ज्याच्या नावे जमीन, घर किंवा कराची पावती, त्याला मत. बाईच्या नावे यातलं काहीच नसे. म्हणून शाळेच्या पट्टीवर कुठं चर्चा झाली, तरी तिथं आपल्या आज्यापणज्या नव्हत्या.

थोडं दूर अमेरिकेत जाऊ, कारण तिथं शाळेचा कर आणि बाईचं मत यांची गाठ फार आधी पडली. तिथल्या पुष्कळ गावांत घरजमिनीच्या करातून शाळा चालते आणि तो कर वाढवायचा की नाही यावर लोक मत देतात. 1838 मध्ये केंटकी नावाच्या राज्यानं खेड्यातल्या काही बायांना शाळेच्या कामात मत दिलं. कोणत्या बायांना? ज्यांच्या नावे कर लागणारी मालमत्ता होती, अशा विधवांना. बाकी कोणत्याही निवडणुकीत त्यांना मत नव्हतं. कर आपल्या नावे, म्हणून मत आपलं. पण या पद्धतीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. गाव श्रीमंत तर शाळा श्रीमंत, गाव गरीब तर शाळा गरीब. कोरडवाहू गावाच्या घरपट्टीवर शाळा सोडून दिली तर मास्तरांचा पगारही निघायचा नाही. म्हणून सरकारचा मोठा वाटा हवाच. गोखल्यांनी दोन हिस्से सरकारकडे मागितले होते ते उगाच नाही.

आज आपल्याकडे काय आहे? राज्यघटनेनं प्रत्येक बाईला मत दिलं, जमीन असो की नसो. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या आणि गावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्याच वर्षीच्या कायद्यानं शहरांतल्या घरांवर शिक्षण कर बसला. मंगरूळपीर शहरात राहणाऱ्या बहिणींनी नगर परिषदेची कराची पावती काढून पाहावी. शिक्षण कर वेगळा लिहिलेला असतो. तो पैसा राज्य सरकारकडे जातो. गावात असा वेगळा शिक्षण कर नसतो, पण घरपट्टीतून ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न होतं. मास्तरांचा पगार सरकारकडून येतो. मात्र शाळेचं पाणी, मुलींचं स्वच्छतागृह, तुटलेली भिंत यासाठी ग्रामपंचायत खर्च करू शकते. स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर तिनं खर्च करायचाच असतो.

हे कुठं ठरतं? ग्रामसभेत. आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेतलीच पाहिजे, असं कायदा सांगतो. 2011 पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायांच्या आहेत. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या बाया हव्यात. जोतीरावांनी ज्या पैशाचा हिशेब कमिशनपुढं मागितला, तो आपण आपल्या गावातल्या सतरंजीवर बसून मागू शकतो. महिला सभा नुसती सह्यांपुरती कागदावर झाली, तर मात्र आपल्या आज्यांच्या काळात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

म्हणून आमचं तीन कामांचं सांगणं आहे. पहिलं, ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 8 चा उतारा पाहा. घराच्या नोंदीत नवऱ्यासोबत तुमचं नाव लागू शकतं. नसेल तर दोघांनी मिळून अर्ज द्या. दुसरं, पुढच्या महिला सभेत विचारा की 10 टक्क्यांचे पैसे किती होते आणि कशावर गेले. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. तिसरं, शाळेची एकच गरज निवडा, गटाच्या बैठकीत ती नक्की करा आणि तिचा ठराव सगळ्या मिळून ग्रामसभेत मांडा. एकटीचा आवाज दबतो, वीस जणींचा दबत नाही.

आणि घरपट्टी वेळेवर भरा. भरलेल्या पैशाचा हिशेब विचारताना आवाजाला जोर येतो.