तोलणें आणि मोजणें

१८ ग्रॅम पाणी म्हणजे जेमतेम एक घोट. या घोटांत पाण्याचे रेणु किती, असें शाळेंतल्या विद्यार्थ्यास विचारलें, तर सहावर तेवीस शून्यें दिल्यानें जी संख्या होते तिच्याहून किंचित् अधिक, असें तो तत्काळ सांगेल. हें उत्तर त्यानें पाठ केलेलें असतें. परंतु जो कण डोळ्यांस दिसत नाहीं त्याची मोजदाद करण्याचा अधिकार रसायनशास्त्रास कसा प्राप्त झाला, आणि तत्पूर्वीं पन्नास वर्षें या शास्त्रांत केवढा गोंधळ माजला होता, हें पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाहीं. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

मँचेस्टर येथील शिक्षक जॉन डाल्टन यानें १८०३ सालीं परमाणूंच्या सापेक्ष भारांचें पहिलें कोष्टक तयार केलें व १८०८ सालीं आपला सिद्धांत ग्रंथरूपानें मांडला. मूलद्रव्यांचे परमाणु ठराविक संख्येनें एकत्र येऊन संयुगें बनतात, हें त्याचें सार. पण येथें एक अडचण होती. पाण्याचें पृथक्करण केलें असतां १ ग्रॅम हायड्रोजनमागें ८ ग्रॅम ऑक्सिजन मिळतो, एवढें तराजू सांगतो. एकास एक परमाणु मिळून पाणी होत असेल, तर ऑक्सिजनचा परमाणु हायड्रोजनच्या ८ पट जड ठरतो; हायड्रोजनचे दोन असतील, तर १६ पट. दोहोंपैकीं खरें कोणतें, याविषयीं तराजू मुका आहे. सराफापुढें नाण्यांची रास ओतली आणि एका नाण्याचें वजन त्यास ठाऊक नसलें, तर रास कितीहि अचूक तोलली तरी नाणीं किती हें त्यास सांगतां यावयाचें नाहीं. डाल्टननें सर्वांत सोपा पर्याय पत्करला : एकास एक.

त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसमध्यें गे-ल्युसॅक यानें वायूंच्या आकारमानांचा नियम जाहीर केला. दोन मापें हायड्रोजन व एक माप ऑक्सिजन यांपासून दोन मापें वाफ होते. यावरून समान मापांत कणांची संख्या समान असावी, असें वाटणें साहजिक होतें. परंतु मग ऑक्सिजनच्या एका कणापासून वाफेचे दोन कण कसे व्हावे? परमाणु तर अविभाज्य! डाल्टननें गे-ल्युसॅकच्या मापांविषयींच शंका घेतली.

या कोड्याचा उलगडा ज्यानें केला त्याचें मूळ शिक्षण कायद्याचें होतें. अमेदेओ ॲव्होगाड्रो याचा जन्म इटलींतील तुरीन येथें १७७६ सालीं झाला. पुढें तो व्हेर्चेल्ली येथें अध्यापक झाला. १८११ सालीं एका फ्रेंच नियतकालिकांत त्यानें दोन गोष्टी सुचविल्या. एक, उष्णतामान व दाब सारखे असतां सर्व वायूंच्या समान मापांत रेणूंची संख्या समान असते. दुसरी, ऑक्सिजनसारख्या मूलद्रव्याचा रेणुहि दोन परमाणूंचा बनलेला असून संयोगाच्या वेळीं तो दुभंगतो. परमाणु अखंडच राहतो, दुभंगतो तो रेणु. एवढ्या एका भेदानें डाल्टनचे परमाणु व गे-ल्युसॅकचीं मापें यांचा मेळ बसत होता, आणि पाण्यांत हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक परमाणु, हेंहि निश्चित होत होतें.

पण हें कोणीं मनावर घेतलें नाहीं. १८१४ सालीं अँपिअरनें असाच विचार स्वतंत्रपणें मांडला. तोहि तसाच पडून राहिला. त्या काळीं स्वीडनच्या बर्झेलियसचा शब्द मोठा. परमाणु विरुद्ध विद्युद्भारांमुळें एकमेकांस धरून राहतात, असें त्याचें मत. मग एकाच जातीचे दोन परमाणु जुळणार कसे? परिणाम असा झाला कीं, कोणी कार्बनचा भार ६ धरी, कोणी १२. ऑक्सिजनचा कोणी ८, कोणी १६. शिरक्यांतील आंबट द्रव्य म्हणजे ॲसेटिक आम्ल. त्या एकट्याचीं प्रचारांत असलेलीं १९ निरनिराळीं सूत्रें केकुले यानें १८६१ च्या आपल्या ग्रंथांत दिलीं आहेत.

हा घोळ मिटविण्यासाठीं त्याच केकुलेच्या पुढाकारानें, ग्रंथापूर्वीं एक वर्ष, म्हणजे १८६० च्या सप्टेंबरच्या ३ ते ५ तारखांस जर्मनींतील कार्लस्रूहे येथें शंभराहून अधिक रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. ॲव्होगाड्रो १८५६ सालींच निवर्तला होता. त्याची बाजू मांडण्यास उभा राहिला तो स्तानिस्लाव कॅनिझारो. हा सिसिलीचा, १८४८ च्या क्रांतींत भाग घेतल्यामुळें त्यास फ्रान्समध्यें आश्रय घ्यावा लागला होता. त्याची रीत सरळ होती. संयुगाच्या वाफेची घनता हायड्रोजनशीं ताडून पाहावयाची व ॲव्होगाड्रोच्या नियमानें रेणुभार काढावयाचा. मिथेनचा रेणुभार १६, त्यांत कार्बन १२. कार्बन डायऑक्साइडचा ४४, त्यांत १२. एथिलीनचा २८, त्यांत २४. कार्बनचा वाटा १२ हून कमी कोठेंच नाहीं व इतरत्र तो १२ च्याच पटींत आहे. तेव्हां परमाणुभार १२. परिषदेनें ठराव केला नाहीं. पण अखेरीस कॅनिझारोची लहानशी पुस्तिका वाटण्यांत आली आणि पुष्कळांनीं ती घरीं जाऊन वाचली. श्रोत्यांत मेंडेलीव्ह हा तरुण होता. त्याचें १८६९ चें मूलद्रव्यांचें कोष्टक याच भारांच्या आधारें उभें राहिलें.

प्रमाण कळलें, तरी खुद्द संख्या कळावयाची होती. लोश्मिट यानें १८६५ सालीं रेणूच्या आकाराचा अंदाज केला. ‘मोल’ हा शब्द ओस्टवाल्डनें रूढ केला; नवल असें कीं, परमाणु खरोखर आहेत हें तो स्वतः १९०९ च्या सुमारापर्यंत मान्य करीत नव्हता! त्याच वर्षीं फ्रान्सच्या पेरँ यानें पाण्यांत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या निरीक्षणावरून ती संख्या काढून तीस ॲव्होगाड्रोचें नांव दिलें. २० मे २०१९ पासून ती ६.०२२१४०७६ गुणिलें १० चा २३ वा घात अशी व्याख्येनेंच ठरली आहे.

आतां विद्यार्थी ३६ ग्रॅम पाणी घेऊन त्यास १८ नें भागतो व २ मोल म्हणतो. त्यांत हायड्रोजन ४ ग्रॅम, ऑक्सिजन ३२ ग्रॅम. भागाकार अगदीं सोपा. परंतु डाल्टनच्या सूत्रानें भाजक ९ आला असता व मोल ४ झाले असते. तराजू तोच, पाणी तेंच. तो १८ चा आंकडा मिळविण्यास अर्धें शतक लागलें. शिक्षकांनीं हिशेब शिकवितांना ही कथाहि सांगावी. म्हणजे आपण काय मोजीत आहों, हें मुलांस कळेल.