तुटीचा अर्थभरणा म्हणजे काय?

सरकारचा खर्च उत्पन्नापेक्षा अधिक झाला, की ती तूट भरून काढण्याचे तीन प्रमुख मार्ग उरतात : कर वाढवणे, बाजारातून कर्ज उभारणे किंवा मध्यवर्ती बँकेकडून नवा पैसा घेणे. पहिल्या मार्गासाठी संसदेची संमती लागते, दुसऱ्यासाठी बाजारभावाने व्याज मोजावे लागते. तिसरा मार्ग वरकरणी फुकटचा वाटतो. त्यालाच 'तुटीचा अर्थभरणा' असे म्हणतात.

महागाईशी संबंध

नवा पैसा आला, तरी धान्य, कापड वा पोलाद यांचे उत्पादन त्याच वेगाने वाढतेच असे नाही. तेवढ्याच वस्तूंमागे अधिक पैसा धावू लागला, की भाव चढतात. कारखाने ओस आणि हात रिकामे असतील, तर हा परिणाम सौम्य राहतो. दुष्काळ किंवा तेलाची दरवाढ यांमुळेही महागाई भडकते. मात्र अशा वेळी नव्या पैशाची भर पडल्यास ती आटोक्यात आणणे अवघड होते.

भारतातील अनुभव

१९५५पासून केंद्र सरकारच्या खात्यातील शिल्लक ठरावीक पातळीखाली गेली, की रिझर्व्ह बँक 'अ‍ॅड-हॉक ट्रेझरी बिले' स्वीकारून ती आपोआप भरून देत असे. तात्पुरत्या गरजेसाठी केलेली ही सोय पुढे कायमची झाली. सरकार किती खर्च करते, यावर देशात किती पैसा निर्माण होणार हे ठरू लागले.

सप्टेंबर १९९४मध्ये सरकार व रिझर्व्ह बँक यांच्यात करार झाला. त्या वेळी मनमोहन सिंग अर्थमंत्री, तर सी. रंगराजन गव्हर्नर होते. १ एप्रिल १९९७पासून ही बिले बंद झाली आणि मर्यादित रकमेची, मुदतीत फेडण्याची उचल सुरू झाली. २००३च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यानुसार एप्रिल २००६पासून रिझर्व्ह बँकेला केंद्राचे रोखे थेट सरकारकडून घेण्यासही, अपवादात्मक परिस्थिती वगळता, मनाई झाली. दुय्यम बाजारातून रोखे खरेदी करण्याची मुभा मात्र तिला आहे.

चलनवाढीचे लक्ष्य

२०१६मध्ये किरकोळ महागाईसाठी ४ टक्क्यांचे लक्ष्य व २ ते ६ टक्क्यांची मर्यादा ठरवण्यात आली. सलग तीन तिमाही ही मर्यादा मोडल्यास रिझर्व्ह बँकेने सरकारला लेखी कारणे द्यावीत, असा नियम आहे. २०२२मध्ये तशी वेळ प्रथमच आली.

झळ कोणाला?

ठेवीवर ६ टक्के व्याज आणि महागाई ७ टक्के असेल, तर ठेवीदाराची रक्कम वाढते, पण क्रयशक्ती घटते. महागाई सतत ७ टक्के राहिल्यास सुमारे दहा वर्षांत रुपयाचे मोल निम्मे होते. ज्याचे उत्पन्न ठरलेले आहे अशा निवृत्तिवेतनधारकाला आणि ज्याची मजुरी भावांमागे रखडते अशा कामगाराला याची झळ अधिक बसते. जुन्या कर्जाचा भार हलका झाल्याने कर्जदाराला, म्हणजे सरकारलाही, लाभ होतो. संसदेत मंजूर न होता वसूल होणारा कर, असे महागाईला म्हणतात ते यामुळेच.